परमेश्वराची स्तुति व निर्भय साक्ष

एखाद्यानें आपल्यावर उपकार केला, तर त्याचें नांव चारचौघांत घेण्यास आपण लाजत नाहीं. परंतु ज्यानें जीवन दिलें त्या परमेश्वराचें नांव उघडपणें घेण्याची वेळ आली, म्हणजे पुष्कळांची जीभ अडखळते. उपासनेच्या वेळीं मोठ्यानें गाणारा विद्यार्थी मित्रांच्या थट्टेच्या भयानें क्रीडांगणावर मुका होतो. हें भय कसें जावें, याचा थोडा विचार करूं.

देवाचा महिमा व त्याचीं कृत्यें आनंदानें वर्णन करणें म्हणजे स्तुति. त्यानें आपणांसाठीं काय केलें हें दुसऱ्यास सांगणें म्हणजे साक्ष. यांत स्तुति आधीं येते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत पौल व सीला यांची हकीकत आहे. फिलिप्पै शहरांत त्यांना फटके मारून बंदिशाळेंत टाकिलें व त्यांचे पाय खोड्यांत अडकविले. मध्यरात्रीं ते प्रार्थना करून देवाचीं गीतें गाऊं लागले आणि इतर बंदिवान ऐकत राहिले. भूमिकंपानें दारें उघडलीं तरी ते पळाले नाहींत. उलट भयभीत होऊन प्राण देऊं पाहणाऱ्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्यास त्यांनीं वांचविलें. तेव्हां तारणाचा मार्ग कोणता, हें त्यानें आपण होऊन विचारिलें. अंतःकरण स्तुतीनें भरलें असलें, म्हणजे साक्षीस शब्द शोधावे लागत नाहींत.

आपल्या महाराष्ट्रांत याचें उत्तम उदाहरण म्हणजे कविवर्य नारायण वामन टिळक. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्याशीं आदरानें संभाषण केलें व त्यांस नवा करार दिला. त्यानें पेरलेलें बीज वांया गेलें नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. या उघड कबुलीचें मोल फार मोठें होतें. आप्त दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. पुढें त्या पतीकडे परत आल्या. १९०० सालीं त्यांनींहि स्वतःच्या विश्वासानें बाप्तिस्मा घेतला. हा सारा वृत्तांत त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत वाचावयास मिळतो.

टिळकांची साक्ष परक्या वेषांत आली नाहीं. अभंग, भजन व कीर्तन या महाराष्ट्राच्या ओळखीच्या साधनांनीं त्यांनीं ख्रिस्ताचें गुणगान केलें. संत तुकारामांविषयीं त्यांचा आदर कायम होता. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडिलें व बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झालें. परंतु त्यांचीं पदें मराठी मंडळ्यांत आजहि गाइलीं जातात.

यावरून निर्भयपणा म्हणजे काय तें कळतें. दुसऱ्याच्या धर्माची निंदा करणें हा निर्भयपणा नव्हे; वादांत मित्रास निरुत्तर करणें हीहि साक्ष नव्हे. आपल्या आशेचें कारण सौम्यतेनें व आदरानें सांगावें, असें पेत्राच्या पहिल्या पत्राचें शिक्षण आहे. १९५० सालीं अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस सारखा दिला आहे. तो हक्क आपणांस जितका प्रिय, तितकाच शेजाऱ्यासहि प्रिय असावयाचा. ऐकणाऱ्यास नको म्हणण्याची मोकळीक असली, तरच आपलें बोलणें प्रेमाचें ठरतें.

पालकांसहि एक विनंति आहे. ज्या घरीं दिवेलागणीस कुटुंब मिळून गीत गातें व प्रार्थना करितें, त्या घरच्या मुलास देवाचें नांव बाहेर परकें वाटत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनों, परीक्षेंत लबाडी न करणें, आजारी सोबत्यास भेटणें, चुकलेल्यास क्षमा करणें, हीं आपल्या गीताचीं पुढील कडवींच होत. असें कां वागतां, हें कोणी विचारिल्यास मान खालीं घालूं नका. ज्याच्यामुळें असें वागतां, त्याचें नांव आनंदानें सांगा.