फी थकलेल्या मुलाची पदवी

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्रकिनारा नसलेला शेतीप्रधान देश. मका हे तिथले मुख्य पीक आणि मक्याच्या पिठाची ‘न्सिमा’ हे रोजचे जेवण. १९९४ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांची फी रद्द झाली, पण माध्यमिक शाळेची फी पुढेही अनेक वर्षे पालकांनाच भरावी लागे. त्यामुळे आठवीनंतर मूल शिकणार की नाही, हे त्या वर्षी शेतात काय पिकले यावर ठरे. विल्यम कामक्वांबा या शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण असेच मध्येच तुटले आणि पुढे अनेकांच्या हातभाराने अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीपर्यंत पोचले. पवनचक्की बनवणारा मुलगा म्हणून जग त्याला ओळखते. ती चक्की फिरू लागल्यावर त्याला पुन्हा वर्गात कोणी आणि कसे बसवले, हा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. खरे शिकण्यासारखे आहे ते तिथेच.

विल्यमचा जन्म १९८७चा. कासुंगू जिल्ह्यातल्या मसिताला या खेड्यात वडील मका आणि तंबाखू पिकवत. सहा बहिणींमध्ये हा एकुलता एक भाऊ. शाळकरी वयातच त्याने चुलतभाऊ जेफ्रीच्या जोडीने रेडिओ दुरुस्तीचे काम सुरू केले. शिकवणारे कोणी नव्हते. मोडका रेडिओ उघडायचा, एकेक भाग सोडवून आवाजात काय फरक पडतो ते पाहायचे, असे करत दोघे शिकले. हळूहळू आसपासचे लोक आपले बंद पडलेले रेडिओ त्यांच्याकडे आणू लागले.

२००१-०२ मध्ये मलावीत मोठा दुष्काळ पडला. आधी पूर आणि मग पावसाची ओढ यांनी पीक गेले, आणि सरकारने धान्याचा राखीव साठा त्यापूर्वीच विकून टाकला होता. कामक्वांबा कुटुंब दिवसातून एकदा, तेही काही घास खाऊन राहू लागले. विल्यम नुकताच काचोकोलो माध्यमिक शाळेत जाऊ लागला होता. फी भरता आली नाही आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटली.

घरी बसल्यावर अभ्यास अगदीच मागे पडू नये म्हणून तो विंबे प्राथमिक शाळेतल्या छोट्या ग्रंथालयात जाऊ लागला. देणगीतून आलेली पुस्तके तीन कपाटांत मावतील एवढीच होती आणि एडिथ सिकेलो या ग्रंथपाल होत्या. त्या पुस्तकांत ऊर्जेवरचे एक अमेरिकी पाठ्यपुस्तक होते, त्याच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग. विल्यमचे इंग्रजी कच्चे होते. आधी आकृती समजून घ्यायची, मग तिच्याखालचा मजकूर शब्दकोशाच्या मदतीने लावायचा, असे त्याने ते वाचले. वाऱ्यावर वीज तयार होते आणि विजेवर पंप चालतो, म्हणजे पावसावाचूनही दुसरे पीक घेता येईल, हा हिशेब दुष्काळ पाहिलेल्या मुलाच्या लगेच ध्यानात आला.

सामान त्याने भंगारातून जमवले. ट्रॅक्टरचा पंखा, वडिलांच्या मोडक्या सायकलची फ्रेम आणि चाक, विस्तवावर तापवून सपाट केलेल्या प्लास्टिकच्या नळीची पाती, वॉशरऐवजी बाटल्यांची झाकणे. वेल्डिंगचे पैसे द्यायला त्याने मजुरीने लाकडे वाहिली. अडले ते डायनामोपाशी, कारण तो भंगारात मिळत नव्हता. रस्त्याने चाललेल्या एका माणसाच्या सायकलला तो दिसला आणि मित्र गिल्बर्टने स्वतःच्या खिशातले पैसे देऊन जागच्या जागी विकत घेतला. गावकरी तोवर विल्यमला वेड लागले असेच म्हणत होते. निलगिरीच्या खांबांचा सुमारे पाच मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला, वाऱ्याने पाती फिरली आणि हातातला दिवा लागला, तेव्हा तीच माणसे टाळ्या वाजवू लागली. पुढे घरात दिवे आले, रेडिओ चालू लागला आणि मोबाइल चार्ज करून घेण्यासाठी लोक दारी येऊ लागले.

एवढे होऊनही शाळा बंदच होती. हुशारी सिद्ध झाली म्हणून फी भरली जात नाही. काही वर्षे अशीच गेली. २००६ मध्ये ग्रंथालयाच्या पाहणीसाठी डॉ. हार्टफर्ड म्चाझिमे हे शिक्षक-प्रशिक्षण प्रकल्पाचे अधिकारी विंबेला आले. त्यांनी चक्की पाहिली, मुलाची चौकशी केली आणि पत्रकारांना गावात आणले. ब्लँटायरच्या ‘डेली टाइम्स’मध्ये बातमी आली. कौतुक करून म्चाझिमे निघून गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. वय उलटून गेलेल्या या मुलाला शाळेत घ्यावे म्हणून त्यांनी शिक्षण खात्यात पाठपुरावा केला आणि मादिसी माध्यमिक शाळेत त्याला प्रवेश मिळवून दिला. वीस वर्षांच्या उंबरठ्यावरचा विल्यम आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या वर्गात जाऊन बसला. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने आपल्या कामाच्या चौकटीबाहेर जाऊन हे केले, म्हणून या साऱ्या हकिगतीत त्यांचे स्थान सर्वांत वरचे मानावे लागेल.

ती बातमी ब्लॉगवरून फिरत ‘टेड’ या व्याख्याने भरवणाऱ्या संस्थेच्या आफ्रिकेतल्या परिषदेचे संयोजक एमेका ओकाफोर यांच्यापर्यंत गेली. जून २००७ मध्ये टांझानियातल्या अरुशा शहरात विल्यमने व्यासपीठावरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली हकिगत सांगितली. त्याच मुक्कामात टेडच्या टॉम रायली यांनी त्याला पहिल्यांदा इंटरनेट दाखवले आणि पुढची अनेक वर्षे त्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली. श्रोत्यांपैकी काहींनी पैसे दिले. त्यातून लिलाँग्वेतल्या चांगल्या शाळेत त्याची सोय झाली आणि गावात सौरदिवे व पाण्याचा पंप आला.

२००८ मध्ये तो जोहान्सबर्गच्या ‘आफ्रिकन लीडरशिप अकॅडमी’त दाखल झाला. निरनिराळ्या आफ्रिकी देशांतून निवडलेल्या मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी तयार करणारी ही निवासी संस्था त्याच वर्षी सुरू झाली होती आणि तिथे उद्योजकता हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. मध्ये मोठा खंड पडलेल्या विद्यार्थ्याला थेट विद्यापीठात ढकलले असते तर तो बहुधा गळाला असता. या दोन वर्षांच्या पायरीमुळे इंग्रजी, गणित आणि आत्मविश्वास तिन्हींची डागडुजी झाली. २०१० मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथमध्ये प्रवेश मिळाला आणि २०१४ मध्ये पर्यावरण अभ्यास या विषयात पदवी.

दरम्यान २००९ मध्ये पत्रकार ब्रायन मीलर यांच्यासोबत लिहिलेले त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. त्याच्या ‘मूव्हिंग विंडमिल्स’ या संस्थेने विंबेच्या प्राथमिक शाळेची पुनर्बांधणी केली. गावच्या मुलांना हत्यारे, साहित्य आणि मार्गदर्शक एकाच जागी मिळावेत, यासाठी कासुंगूमध्येच एक नवनिर्मिती केंद्र उभारण्याचे काम याच संस्थेने हाती घेतले आहे.