देहाचा तगादा

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अपघातात मोडलेले हाड सांधत असताना ज्याला दोन-तीन महिने नियमाने ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी घ्यावी लागली, आणि दुखणे ओसरल्यावर ज्याने आता हिचे प्रयोजन उरले नाही अशा सरळ समजुतीने उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून दिल्या, अशा निर्व्यसनी गृहस्थाची दुसऱ्या दिवसापासून जी अवस्था होते, तिची पूर्वकल्पना त्याला बहुधा कोणी दिलेली नसते. प्रथम जांभया येतात, एकामागून एक, आणि त्याही डोळ्यांवर झोपेचा लवलेश नसताना. मग डोळे पाणावतात, नाक वाहू लागते आणि घरची माणसे सर्दी झाली म्हणून काढा देतात. रात्र चढते तसा अंगावर काटा उभा राहतो, घाम आणि हुडहुडी आळीपाळीने येतात, पोटात मुरडा पडून जुलाब होतात, आणि पाय कोठेही ठेवले तरी ठेवलेसे वाटत नाहीत.

अफूच्या बोंडातून निघणारी मॉर्फिन व कोडीन, आणि प्रयोगशाळेत घडवलेली ट्रॅमाडॉल यांचा मेंदूवरील अंमल एकाच जातीचा आहे. मेंदूच्या देठाशी नॉरॲड्रेनॅलिन हे उत्तेजक द्रव्य निर्माण करणारे एक इवलेसे केंद्र असते; औषध त्याला दडपून ठेवते, आणि त्या दडपणाशी जुळवून घेण्यासाठी ते केंद्र हळूहळू आपले बळ वाढवीत जाते. औषध एकाएकी निघून गेले की हे वाढलेले बळ मोकाट सुटते. म्हणूनच ज्या औषधाने बद्धकोष्ठता होते ते सोडल्यावर जुलाब होतात, ज्याने डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात ते सोडल्यावर त्या विस्फारतात, आणि सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे, ज्या वेदनेसाठी औषध घेतले तीच काही काळ दुणावून परत येते. रक्तदाबावरील क्लोनिडीन या अवस्थेत उपयोगी पडते, ते या केंद्राला शांत करीत असल्यामुळेच. अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाच्या बाबतीत हा त्रास 8 ते 24 तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि चार ते दहा दिवसांत बहुतांशी ओसरतो.

मनाच्या त्रासाला मात्र अशी मुदत घालून देता येत नाही. जुलाब थांबले, भूक लागू लागली, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तरी रोग्याच्या अंतर्यामी एक करडी उदासी पसरलेली असते. सकाळचा चहा बेचव लागतो, नातवाचे हसू कानांवर पडते पण आत पोहोचत नाही, क्षुल्लक बोलण्याने डोळे भरून येतात, आणि पहाटे तीनला जाग येऊन छाती निष्कारण धडधडत राहते. ही अवस्था आठवडेच काय, कधी कधी महिनेही रेंगाळते. ट्रॅमाडॉलचा परिणाम सेरोटोनिनवरही होत असल्याने काहींना भीतीचे झटके येतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित भासही होतात. अशा वेळी ‘मन घट्ट कर’ असे म्हणणारे आप्त दुष्ट नसतात. पण त्यांच्या त्या शब्दांनी रोग्याच्या दुःखात लज्जेची भर पडते, आणि लाजलेला माणूस डॉक्टरांकडे जात नाही.

मनोबलाचा हा मामला नव्हे, याचा निर्विवाद दाखला नवजात अर्भके देतात. गरोदरपणी आई ही औषधे सतत घेत असेल तर जन्मानंतर काही दिवसांत मूल कर्कश रडते, थरथरते, शिंकते, नीट दूध ओढू शकत नाही. त्या जीवाला ना इच्छा ना व्यसन. आहे ते केवळ सवयीला जडलेले शरीर. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रात 1986 पासून गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, विळख्यातून सुटू पाहणारी मुले ज्याला ‘टर्की’ म्हणतात, ती अवस्था आणि आपल्या गृहस्थाची अवस्था शरीरशास्त्राच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी होत. मात्र परिणाम घातक दिसत असूनही औषधामागे अनावर ओढीने धावणे, हे जे व्यसनाचे लक्षण, ते या गृहस्थात नसते.

भारतात ट्रॅमाडॉल 2018 साली गुंगीकारक औषधांच्या कायद्याखाली आणले गेले, हे योग्यच झाले. परंतु नित्य घेणाऱ्याची गोळी एकाएकी बंद करणे हा बंदोबस्त नव्हे. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने 2019 मध्ये असा इशारा दिला की औषध अकस्मात तोडल्याने तीव्र यातना आणि आत्महत्यासुद्धा घडल्या आहेत. वर्षाहून अधिक काळ औषध घेतलेल्यांसाठी तेथील वैद्यकीय मार्गदर्शन महिन्याला सुमारे दहा टक्के, किंवा त्याहूनही सावकाश, मात्रा उतरवण्याचे आहे. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे, कारण दीर्घकाळ झिरपणारी गोळी घरी सुरीने अर्धी केली तर तिच्यातले सारे औषध एकदम सुटू शकते.

आणि कपाटातल्या त्या उरलेल्या गोळ्या! आठ-पंधरा दिवसांच्या खंडात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मध्यरात्रीच्या तगमगीत रोग्याचा हात पूर्वीच्या मात्रेकडे गेला, तर जी मात्रा महिन्यापूर्वी त्याला सहज पचत होती तीच त्याचा श्वास मंदावून थांबवू शकते.