मोठ्यांना मुलांची भीती वाटते तेव्हा

बेकारीने देश कोलमडला आहे, लाखो मुलांनी शाळेकडे पाठ फिरवली आहे, शिक्षकाला वर्गात उभं राहायची धास्ती वाटते. हवालदिल झालेली मोठी माणसं मग एक कायदा करतात. आपल्याकडच्या हिशेबाने नववीचा एक वर्ग निवडायचा, मुलांच्या गळ्यात स्फोटक पट्टे बांधून त्यांना निर्जन बेटावर सोडायचं आणि एकच जण जिवंत उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं. मुदत तीन दिवस. किंजी फुकासाकू यांचा 'बॅटल रोयाल' हा जपानी चित्रपट डिसेंबर २००० मध्ये आला, तो कोशुन ताकामी यांच्या १९९९च्या कादंबरीवरून.

चित्रपटातल्या वर्गात ४२ मुलं आहेत. प्रत्येकाला एक पिशवी मिळते आणि तिच्यात नशिबाने येईल ते हत्यार. कुणाला मशीनगन, कुणाला नुसतं भांड्यावरचं झाकण. पण या कथेतलं सर्वांत भयंकर हत्यार पिशवीत नाही. ते पाहायचं तर दीपगृहातला प्रसंग पाहावा. सहा मैत्रिणी तिथे एकत्र राहिल्या आहेत. कुणालाही मारायचं नाही, असं ठरवून त्या पहारा देतात, स्वयंपाक करतात, जखमी वर्गमित्राची शुश्रूषा करतात. त्यांतल्या एकीला मात्र वाटतं, हा मुलगा खुनी आहे. ती त्याच्या ताटात विष कालवते. त्या ताटातला घास भलतीच मैत्रीण घेते आणि कोसळते. विष कुणी घातलं, हे कळायच्या आत बंदुका उचलल्या जातात. आत्तापर्यंत हसत-बोलत असलेल्या मुली क्षणात मरून पडतात. जिने विष घातलं ती तेवढी उरते, आणि ती दीपगृहावरून उडी घेते.

बाहेरचं कुणीही तिथे आलेलं नसतं. मोठ्यांचा अविश्वास मुलांच्या मनात पेरून झालेला असतो, पुढचं काम तोच करतो. कादंबरीत तर सत्तेचा हिशेब उघडच आहे: जिवलग मित्रही उलटतो, हे लोकांनी पुनःपुन्हा पाहिलं की बंडासाठी कुणी कुणावर विसंबणार नाही. मुलांना असंच एकमेकांना मारायला लावणाऱ्या सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीत क्रौर्याला गरिबीची जोड आहे. १२ ते १८ वयाच्या मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या जातात आणि घरात धान्य-तेल हवं असेल, तर आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकावी लागते. उपाशी घरातल्या मुलाच्या चिठ्ठ्या अर्थातच जास्त.

फुकासाकूंनी हा विषय हवेतून उचलला नव्हता. १९४५ मध्ये, १५ वर्षांचे असताना, ते दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होते. तोफांच्या माऱ्यात सोबतची मुलं मेली आणि त्यांची प्रेतं उचलायची वेळ वाचलेल्या मुलांवर आली. मुलांना युद्धात ढकलणाऱ्या मोठ्यांबद्दलची चीड त्यांनी अखेरपर्यंत जपली. सत्तरीत असा चित्रपट करण्याची धग मला तिथलीच वाटते.

चित्रपट आला तेव्हा जपान खरोखरच आपल्या मुलांना घाबरलेला होता. १९९७ मध्ये कोबे शहरात १४ वर्षांच्या एका मुलाने दोन लहानग्यांचा जीव घेतला होता. पुढे बालगुन्हेगारीचा कायदा बदलून फौजदारी शिक्षेचं किमान वय १६ वरून १४ वर आणलं गेलं. ही दुरुस्ती संसदेत मंजूर झाली नोव्हेंबर २००० मध्ये, चित्रपटाच्या काही आठवडेच आधी. २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारात एक आरोपी अल्पवयीन होता; त्यानंतर आपल्याकडेही २०१५चा बालन्याय कायदा आला आणि अतिगंभीर गुन्ह्यांत १६ ते १८ वयाच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी झाली. पीडितांचं दुःख खरं आहे आणि शिक्षेची मागणीही समजण्यासारखी आहे. पण एका मुलाच्या कृत्याचा धसका घेऊन सगळ्या पिढीकडे संशयाने पाहणं, हे मला त्या बेटाच्या दिशेने टाकलेलं पाऊल वाटतं.

जपानी खासदारांनी चित्रपटावर झोड उठवली. त्याला प्रमाणपत्र मिळालं ते १५ वर्षांखालच्यांना मनाई करणारं. म्हणजे ज्यांची ही गोष्ट, त्या नववीतल्या कितीतरी मुलांना थिएटरचं दार बंदच राहिलं.