बॅकअप आहे, पण फाइल येत नाही

"बॅकअप आहे हो, रोज रात्री होतो. पण फाइल परत येत नाहीये." लहान ऑफिसांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला ही तक्रार नेहमी ऐकावी लागते. सांगणारा घाबरलेला असतो. स्क्रीनवर रिस्टोअर फसल्याचा लाल संदेश दिसला, की फाइल कायमची गेली असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. ती बॅकअपमध्ये शाबूत असते आणि अडथळा वाटेत कुठेतरी असतो. तो शोधायचा, हे आमचं काम. ते घाईने केलं तर शाबूत फाइलही हातची जाऊ शकते.

म्हणून फोनवर पहिलं सांगणं असतं: आता कुणीही काही करू नका. रात्रीचा ठरलेला बॅकअप थांबवा. बहुतेक प्रणाली ठरावीक संख्येच्या आवृत्त्या ठेवतात. नवी आली की सर्वांत जुनी काढून टाकतात. आपण कारण शोधत असताना मध्यरात्री बॅकअपचा जॉब चालला, तर हवी असलेली आवृत्तीच त्या फेऱ्यात निघून जाऊ शकते. 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'जुन्यावर लिहा' ही बटणंही दाबायची नाहीत. आणि रिस्टोअर मूळ फोल्डरवर कधीच करायचा नाही. आधी वेगळं, रिकामं फोल्डर तयार करून तिथे आणायचा. मूळ जागेत अर्ध्या आलेल्या फाइली चांगल्या फाइलींवर बसल्या, तर एका दुखण्याची दोन होतात.

ऑफिसात कोपऱ्यातल्या मांडणीवर दोन किंवा चार डिस्कची पेटी असते, तिला सगळे नॅस म्हणतात. तिच्यात रेड लावलेलं असतं. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावं, एवढ्यासाठीच ते असतं. कुणी फोल्डर पुसलं, तर रेड ते पुसणं सगळ्या डिस्कवर तितक्याच निष्ठेने उतरवतं. सिंकचंही तसंच: इकडे डिलीट, की तिकडे डिलीट. बॅकअप म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली, मागच्या तारखांच्या आवृत्त्या असलेली प्रत. ती खरोखर आहे ना, हे सुरुवातीलाच बघून घ्यावं लागतं. रिस्टोअरला हात घालण्याआधी नॅसवरचं रिसायकल फोल्डर आणि नॅसनेच टिपून ठेवलेले जुन्या स्थितीचे स्नॅपशॉटही तपासायचे. फाइल तिथेच सापडली, तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

ती तिथे नसेल, तर मी तीन प्रश्न घेऊन बसतो. फाइल कुठून येतेय? कुठे जातेय? आणि कोण आणतंय? लोकांचा संशय पहिल्या प्रश्नावर असतो: बॅकअपच खराब झाला असणार. माझा अनुभव असा, की दुसरा आणि तिसरा प्रश्न आधी विचारला तर उत्तर लवकर हाती येतं.

पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसातलं उदाहरण सांगतो. सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामं करणारं ऑफिस. जुनी नॅस बदलून नवी घेतली होती आणि सुरक्षिततेसाठी नव्या नॅसवरचं शेअर्ड फोल्डर एनक्रिप्ट केलं होतं. जुना बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होता. रिस्टोअर लावला, तासन्तास चालला आणि शेवटी 'पार्शली कम्प्लीटेड' असा शेरा आला. पुन्हा लावला, पुन्हा तोच शेरा. तोवर डिस्क खराब असल्याची खात्री सगळ्यांना पटली होती आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे ती पाठवायचं घाटत होतं.

लॉग उघडला. शेरा सगळे वाचतात, लॉग फारसं कुणी वाचत नाही. तो कंटाळवाणा असतो: एकाखाली एक ओळी, फाइलचा पूर्ण मार्ग आणि पुढे कारण. न आलेल्या फाइलींची यादी वेगळी काढली आणि आलेल्या फाइलींच्या शेजारी ठेवली. इंग्रजी नावांच्या सगळ्या आल्या होत्या. अडकलेल्या फाइली मराठी नावांच्या होत्या. मराठी नावांच्याही सगळ्या नव्हे, लांब नावांच्या तेवढ्याच. खराब झालेली डिस्क भाषा बघून फाइली निवडत नाही. दोष डिस्कमध्ये नाही, हे त्या यादीवरूनच कळलं.

त्यातलं एक नाव घेऊ: 'सोसायटी पुनर्विकास सुधारित आराखडा तिसरा मजला अंतिम प्रत', पुढे टिंब आणि डीडब्ल्यूजी. डोळ्यांना यात 28 अक्षरं दिसतात. संगणक मात्र मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त असं प्रत्येक चिन्ह सुटं मोजतो, म्हणजे 48 चिन्हं. आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला 3. झाले 144. सात मोकळ्या जागांचे 7, टिंब आणि एक्स्टेन्शनचे 4. एकूण 155 बाइट.

लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये साध्या फोल्डरात फाइलचं नाव 255 बाइटपर्यंत चालतं. जुन्या नॅसवर त्यामुळे काहीच अडलं नव्हतं. नव्या नॅसवर फोल्डर एनक्रिप्ट करायला इक्रिप्टएफएस ही पद्धत वापरलेली होती. ती नावंही एनक्रिप्ट करते, त्यात नाव फुगतं, आणि म्हणून मूळ नावासाठी 143 बाइट एवढीच जागा उरते. इंग्रजीत 143 अक्षरांचं नाव सहसा कुणी देत नाही. देवनागरीत 47 चिन्हांतच ती मर्यादा गाठली जाते, आणि एवढं नाव आपल्याकडे कोणीही सहज देतो. लॉगमध्ये प्रत्येक अडकलेल्या ओळीपुढे कारण छापलेलं होतं: फाइल नेम टू लाँग.

एनक्रिप्ट न केलेलं तात्पुरतं शेअर्ड फोल्डर केलं आणि रिस्टोअर तिकडे वळवला. सगळ्या फाइली आल्या. पुढचा प्रश्न होता त्या कायमच्या कुठे ठेवायच्या. नावं आखूड करण्याचा उपाय मी सुचवला, तेव्हा त्या आर्किटेक्ट मॅडमनी ताबडतोब थांबवलं. "नावं बदलली तर एक्सरेफ तुटतील. एका ड्रॉइंगला दहा ड्रॉइंगं जोडलेली असतात आणि ती नावानेच जोडलेली असतात. आहेत तशीच हवीत." त्यांचं बरोबर होतं. फाइल परत आली पण तिचे दुवे तुटले, तर ज्याचं काम अडलंय त्याच्या दृष्टीने रिस्टोअर अपुराच. शेवटी फोल्डरऐवजी अख्खा व्हॉल्यूम एनक्रिप्ट करण्याचा मार्ग घेतला. त्यात एनक्रिप्शन डिस्कच्या पातळीवर होतं, नावांना हात लागत नाही आणि 255 बाइटची मर्यादा कायम राहते.

देवनागरी नावांच्या अडचणी इथे संपत नाहीत. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव घ्या. यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून होतो. दुसऱ्यावर साध्या 'र'ला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. मॅकच्या जुन्या फाइलप्रणालीत तर 'ऱ' साठवतानाच र आणि नुक्ता असा सुटा केला जात असे. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. लिनक्सच्या लेखी ती तीन निरनिराळी नावं आहेत. बॅकअपच्या शोधखिडकीत नाव टाइप केलं, फाइल सापडली नाही, म्हणून ती बॅकअपमध्येच नाही असं ठरवून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. 'ऱ' असलेलं नाव कधीही पूर्ण टाइप करून शोधू नये. 'यादी' एवढंच शोधावं, किंवा फोल्डर उघडून फाइल हाताने निवडावी.

आणि आपला सातबारा. मॅकवर फाइंडरमध्ये फाइलला '7/12 उतारा' असं नाव देता येतं. आत मात्र ती तिरकी रेघ कोलन म्हणून साठते. विंडोजला फाइलच्या नावात ना तिरकी रेघ चालते ना कोलन. असा मॅकचा बॅकअप विंडोजच्या संगणकावर उतरवायला गेलं, की नेमके उतारेच अडकतात किंवा भलत्याच नावाने येतात. विंडोज 'नकाशा ए' मधलं इंग्रजी ए मोठ्या लिपीतलं की लहान, हा फरकही सहसा मानत नाही, नॅस मानते. नॅसवरच्या दोन फाइली विंडोजवर एकाच नावावर येतात आणि दुसरी पहिलीवर बसते. बाहेरची डिस्क फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर 4 जीबीच्या पुढची एकही फाइल तिच्यावर उतरत नाही, मग डिस्कवर कितीही जागा मोकळी असो. या सगळ्या 'कुठे जातेय' या प्रश्नाच्या गोष्टी.

'कोण आणतंय' हा प्रश्न नॅस बदलल्यावर हमखास येतो. फाइली आलेल्या असतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की परवानगी नाही. नॅस फाइलच्या मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, क्रमांक ठेवते. जुन्या पेटीवर 1028 हा क्रमांक अकाउंट्सवाल्या ताईंचा असेल आणि नव्या पेटीवर खाती वेगळ्या क्रमाने उघडली असतील, तर तोच क्रमांक साइटवरच्या मुलाचा निघतो. ताईंना पगाराची शीट उघडत नाही आणि त्या मुलाला उघडते. पहिली गोष्ट लगेच लक्षात येते, दुसरी कित्येक दिवस येत नाही, आणि जास्त घातक दुसरीच. म्हणून रिस्टोअरनंतर परवानग्या दोन्ही बाजूंनी तपासायच्या: ज्याला दिसायला हवं त्याला दिसतंय का, आणि ज्याला दिसायला नको त्याला दिसत नाही ना.

ही दोन उत्तरं नीट आली आणि तरीही फाइल येत नसेल, तर मग बॅकअपकडे वळायचं. आजकालचे बरेच आवृत्तीवार बॅकअप फाइली जशाच्या तशा ठेवत नाहीत. फाइलचे तुकडे करतात, सारखा तुकडा एकदाच साठवतात आणि कोणत्या फाइलला कोणते तुकडे लागतात याची सूची वेगळी ठेवतात. मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं जागेवर असून कार्डांची पेटी हरवावी, तशी अवस्था ही सूची बिघडली की होते. एक तुकडा खराब झाला तर तो वापरणाऱ्या सगळ्या फाइली आणि सगळ्या आवृत्त्या अडतात. असा बॅकअप साध्या एक्सप्लोररमध्ये उघडून आत काही हलवलं, एखादं 'फालतू' दिसणारं फोल्डर उडवलं, तर सूची आणि तुकडे यांचा मेळ सुटतो. बॅकअप एनक्रिप्ट केलेला असेल तर पासवर्ड किंवा किल्लीची फाइल लागते, आणि अनेकदा ती किल्ली नेमकी बंद पडलेल्या नॅसवरच ठेवलेली असते. एवढ्या एका ठिकाणी माझ्याकडे उपाय नसतो. किल्ली नसलेला एनक्रिप्टेड बॅकअप कुणालाही उघडता येऊ नये, याचसाठी ती पद्धत बनवलेली आहे.

फाइल आली, तिचा आकारही बरोबर दिसला, म्हणून काम झालं असं धरायचं नाही. आकार बरोबर आणि आत नुसती शून्यं, अशाही फाइली येतात. फाइलचे सुरुवातीचे काही बाइट बघितले तर लगेच कळतं: पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि पुढे पीडीएफ या तीन अक्षरांनी सुरू होते, ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ए आणि सी या अक्षरांनी. रॅन्समवेअर आत शिरून गेलेलं असेल, तर ही सुरुवात ओळखू येत नाही, आणि मग त्याआधीच्या तारखेची आवृत्ती शोधावी लागते.

रोज रात्री येणारा 'बॅकअप यशस्वी' हा संदेश यातलं काहीच सांगत नाही. फाइली लिहिल्या गेल्या, एवढंच तो सांगतो. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत हे जगासमोर आलं. एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसचा सुमारे 300 जीबी डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. रोजचा डेटाबेस बॅकअप आवृत्ती न जुळल्याने बंद पडलेला निघाला: डेटाबेस 9.6 चा, बॅकअप घेणारं साधन 9.2 चं. तो फसल्याचे ईमेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या वेळेतले सुमारे 5,000 प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि 700 नवी खाती यांना फटका बसला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, सविस्तर लिहून जाहीर केलं. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. इतके कुशल लोक असलेल्या ठिकाणीही बॅकअप परत आणून बघण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती.

म्हणून प्रत्येक ऑफिसात मी एका माणसाच्या नावावर हे काम लिहून देतो. महिन्यातून एकदा चार फाइली परत आणायच्या: लांब मराठी नावाची एक, 4 जीबीहून मोठी एक, सहा महिन्यांपूर्वीची एक, आणि जिची परवानगी एकाच व्यक्तीला आहे अशी एक. त्या निराळ्या संगणकावर, निराळ्या फोल्डरात आणायच्या. किल्ली आणि पासवर्ड कागदावर लिहून नॅसपासून दूर कपाटात ठेवायचे. त्या फाइली मी उघडून चालत नाही. ड्रॉइंग आर्किटेक्टने उघडायचं, सगळ्या एक्सरेफ दिसतात का बघायचं. शीट अकाउंट्सवाल्या ताईंनी उघडून बेरीज तपासायची. याला दर महिन्याला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही. त्या दोघांची सही झाल्याशिवाय रजिस्टरमध्ये 'बॅकअप आहे' असं मी लिहीत नाही.