सर्पगंधा, ससे आणि सेरोटोनिन

साताऱ्याहून एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. वाचक लिहितात, ‘आमचे आजोबा बीपीसाठी सर्पगंधेची गोळी घ्यायचे. काही महिन्यांत ते गप्प-गप्प राहू लागले, अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरांनी गोळी बदलली, तसे पुन्हा माणसांत आले. मागे तुम्ही सेरोटोनिनबद्दल लिहिलंत, त्याच्याशी याचा संबंध असेल का?’

संबंध फार जवळचा आहे. सेरोटोनिनसारखी मेंदूतली रसायनं कमी पडली की नैराश्य येतं, ही कल्पना रुजली त्यात सर्पगंधेच्या मुळीचा मोठा वाटा आहे.

वेड आणि निद्रानाशावर सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार देत. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खोल नैराश्यात गेले, आत्महत्यांच्याही नोंदी आल्या. त्याच सुमारास अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं, की रिसर्पिनमुळे प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन या मेंदूतल्या आणखी दोन रसायनांचंही तेच.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. रसायन गेलं की मरगळ, परत आलं की हुशारी! १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी असे सगळे पुरावे एकत्र मांडले, त्यांचा भर नॉरअ‍ॅड्रेनलिनवर होता.

मला मात्र तो ससा अडवतो. निपचित पडला म्हणून तो उदास होता, असं कसं म्हणायचं? पुढे त्याची अवस्था पार्किन्सनच्या आजाराशी जुळली आणि एल-डोपा त्या आजाराचं औषध ठरलं. शिवाय १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना रिसर्पिन दिलं, तर खोट्या गोळीपेक्षा ते उजवं ठरलं होतं! हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापूनही आला, तरी त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. नंतर जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की रिसर्पिनने खरोखर खचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आधीही नैराश्य येऊन गेलं होतं.

नैराश्यावरच्या आजच्या गोळ्यांचंही कोडं आहेच. सेरोटोनिनवरचा त्यांचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन सावरायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे मधल्या काळात मेंदूत आणखी पुष्कळ काही घडत असणार. गोळीचा गुण येतो म्हणून आजाराचं कारणही तेच रसायन, असं ठरत नाही. ‘रक्त तपासून सेरोटोनिन कळेल का,’ असंही बरेच जण विचारतात. त्या तपासणीवर पैसे घालू नका. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही.

आजोबांच्या डॉक्टरांनी वागण्यातला बदल हेरून गोळी बदलली, ते योग्यच केलं. नैराश्याची गोळी नव्याने सुरू झाली किंवा तिचं प्रमाण बदललं, की पहिले काही आठवडे घरच्यांनी असंच लक्ष ठेवावं, तरुण मुलांवर तर विशेष. बेचैनी वाढली, झोप उडाली किंवा मरणाची भाषा तोंडी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.