उदरांतील बाळाच्या डोक्याचें माप

घरांतील सून किंवा लेक गरोदर राहिली म्हणजे सोनोग्राफीचा अहवाल तिच्या एकटीचा राहत नाहीं. सासूबाई चष्मा लावून तो वाचतात, दीर आंकडे पडताळून पाहतात आणि सायंकाळच्या आंत माहेरीं फोन जातो. गेल्या श्रावणांत आमच्या स्नेह्यांच्या घरीं असाच एक अहवाल आला. पाळीच्या हिशेबानें विसावा आठवडा चालू होता. डोक्याचें माप मात्र अठराव्या आठवड्याएवढें निघालें. ‘बाळाची वाढ खुंटली’ असा निकाल माजघरांतच लागला आणि आठ दिवस त्या मुलीस अन्न गोड लागलें नाहीं. हीं मापें काय सांगतात व काय सांगत नाहींत, हें घरांतील वडील माणसांस ठाऊक असणें किती अगत्याचें आहे, तें आम्हांस त्या वेळीं कळून आलें.

ही विद्या फार जुनी नाहीं. लोखंडी पत्र्यांतील भेगा शोधण्याचें ध्वनिलहरींचें यंत्र पाहून ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड यांनीं त्याच तत्त्वावर पोटाच्या आंतील भाग पाहण्याचा उद्योग आरंभिला. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. पुढें १९६८ सालीं डॉ. स्टुअर्ट कॅम्बेल यांनीं गर्भाच्या डोक्याची रुंदी अधिक बिनचूक मोजण्याची रीत मांडली.

मोजतांना मस्तकाचा आडवा छेद पडद्यावर आणावा लागतो. त्यांत मेंदूची मधली रेषा व तिच्या दोन्ही अंगांचे थॅलॅमस नांवाचे भाग स्पष्ट दिसले पाहिजेत. मग दोन्ही बाजूंच्या हाडांमधील रुंदी घेतात; अहवालांत तिला ‘बीपीडी’ म्हणतात. सर्व डोक्याचा घेर तो ‘एचसी’. विसाव्या आठवड्यास रुंदी सुमारें ४.७ व घेर सुमारें १७.५ सेंटिमीटर असतो. दिवस भरतांना रुंदी सुमारें ९.५ व घेर सुमारें ३४ सेंटिमीटर होतो. मध्यंतरीं रुंदी आठवड्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे छेद जरासा तिरपा आला आणि ३ मिलिमीटरांची चूक झाली, तर कागदावर एक आठवडा कमी झालाच!

डोक्याचा आकारही ध्यानांत घ्यावा लागतो. रुंदीला लांबीनें भागून शंभरानें गुणिलें असतां येणारा आंकडा बहुधा ७४ ते ८३ यांच्या दरम्यान असतो. मूल पायाळू असेल किंवा गर्भजल कमी असेल, तर डोकें पुष्कळदां लांबट व अरुंद दिसतें. अशा वेळीं केवळ रुंदीवरून वय काढल्यास फसगत होते. घेर अधिक भरंवशाचा ठरतो. दोरीचें गोल वेटोळें दाबून लांबट केलें, तरी दोरीची लांबी कांहीं बदलत नाहीं.

याहून मोठा घोटाळा तारखेचा. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीनें गर्भाचें वय पांच ते सात दिवसांच्या फरकानें कळतें. शेवटच्या तीन महिन्यांत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. म्हणून वय आरंभींच्या मापावरून एकदां निश्चित करावें आणि पुढील मापांवरून वाढ पाहावी. वाढीची परीक्षा एका मापानें होत नाहीं. दोन मापें हवींत, आणि त्यांच्यामध्यें दोन-तीन आठवडे जावे लागतात.

खरी काळजी केव्हां करावी? वारेकडून पोषण कमी पडलें, तर गर्भ आपलें रक्त मेंदूकडे अधिक वळवितो. डोकें वाढत राहतें आणि पोटाचा घेर मागें पडतो. म्हणून ‘डोकें ठीक आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. उलट डोकेंच फार लहान राहिलें, तर कारण शोधलें पाहिजे. २०१५ सालीं ब्राझीलमध्यें झिका विषाणूच्या सांथींत अशीं अनेक बालकें जन्मलीं. डोकें फार मोठें दिसल्यास मेंदूंत पाणी सांचलें आहे काय, हें पाहतात. परंतु किंचित् लहान किंवा मोठें डोकें कित्येकदां आईबापांकडूनच आलेलें असतें.

‘हे तक्ते विलायती, आपल्या मुलांस ते कसे लागू पडावे?’ असा प्रश्न आम्हांस पुष्कळ विचारतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकारानें आठ देशांत झालेल्या पाहणींत आपल्या नागपूरच्याही गर्भवती स्त्रिया होत्या. चार हजारांहून अधिक मातांच्या मापांवरून २०१४ सालीं जे तक्ते प्रसिद्ध झाले, त्यांचें सार असें, कीं आई निरोगी व सुपोषित असली, तर गर्भाची वाढ देशोदेशीं जवळजवळ सारखीच होते. दोष तक्त्यास देण्यापूर्वीं आईच्या ताटाकडे पाहावें, हें बरें.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितों. मुलगा कीं मुलगी, हें विचारण्यासाठीं ही तपासणी नव्हे. तें विचारणें व सांगणें दोन्ही कायद्यानें गुन्हा आहे. असा कायदा प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला व १९९४ सालीं तो देशासाठीं झाला.

आमच्या स्नेह्यांच्या सुनेची पाळी मुळांतच चाळीस-बेचाळीस दिवसांनीं येणारी. तिसऱ्या महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद कपाटांत पडून होता. तो दाखवितांच डॉक्टरांनीं सांगितलें, कीं बाळ हिशेबापेक्षां दोन आठवड्यांनीं लहान आहे, एवढेंच. तीन आठवड्यांनीं पुन्हां माप घेतलें, तों डोकें बरोबर तीन आठवड्यांनीं वाढलें होतें. सासूबाईंनीं त्या दिवशीं सारे अहवाल तारीखवार लावून एका पिशवींत ठेवले आणि सुनेस जवळ बसवून जेवूं घातलें. दोन्ही गोष्टी आठ दिवस आधीं झाल्या असत्या, तर त्या पोरीचीं आसवें वांचलीं असतीं.