निर्धूम निखारा

मार्गशीर्ष लागला की नागपूर-अमरावतीपासून नाशिक-पुण्यापर्यंत घरोघर खिडक्या लावून घेण्याचा जो दस्तूर पडला आहे, त्याच्या मुळाशी अशी दृढ समजूत दिसते की, धूळ, धूर आणि गारठा हे तिन्ही बाहेरचे, आणि दारे-खिडक्यांचा पक्का बंदोबस्त केला म्हणजे आतील हवा निर्मळच राहणार. वस्तुतः घरातील हवेचा पुष्कळसा बिघाड घरातच जन्म घेतो. तळणाचा धूर, देवघरातील उदबत्ती, गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड, भिंतींवर धरणारी ओल आणि माणसांचा उच्छ्वास यांना एरवी उघड्या खिडकीतून वाट मिळते. थंडीत ती मिळत नाही. माणसांनी भरलेल्या बंद खोलीतील हवेची परीक्षा कर्बद्विप्राणिलाच्या प्रमाणावरून करावी आणि ते हजारात एका भागापलीकडे जाऊ देऊ नये, असे म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवले आहे.

घरातील हवेविषयीच्या अशा समजुतींपैकी जिची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, ती बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीविषयीची आहे. बाजेखाली शेगडी, तीत फुललेले निखारे, त्यांवर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग यांची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून लावलेली दारे, ही आपल्याकडील मायेची जुनी व्यवस्था. आणि तिच्यात अनुभवी बायकांचाही असा विश्वास असतो की, कोळशाचा पहिला धूर अंगणात जाऊ दिला आणि निखारा लाल झाला म्हणजे शेगडी निरुपद्रवी झाली. दुर्दैवाने स्थिती नेमकी उलट आहे. धूर सरला तरी कोळसा पुरता जळतोच असे नाही. तापलेल्या थरांतून जाताना आणि विशेषतः राखेखाली प्राणवायू तोकडा पडू लागला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, आणि या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने जडतो. प्रथम डोके दुखते, मग मळमळ व गुंगी येते, आणि ती गुंगी ऊब लागल्याची झोप समजली जाते. ही चाल ज्या घरांत रूढ झाली त्या घरांना कौलांच्या फटी होत्या, कुडाच्या भिंती होत्या, त्यामुळे दार लावले तरी हवा खेळत असे. सरकत्या काचांच्या फ्लॅटमध्ये ती सवलत उरलेली नाही. बाळंतिणीला शेक द्यावयाचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने, अंगाला कापड लावून, जपून द्यावा. जळती शेगडी बंद खोलीत रात्रभर राहू देऊ नये, आणि धुरी तर तान्ह्या जिवाच्या फुप्फुसांना मुळीच मानवत नाही. न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हेच लागू आहे: त्याची जागा न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

कापूर, ऊद, धूप यांनी हवा शुद्ध होते, हा समज सुगंधामुळे बळावला आहे. सुगंध दुर्गंधाला झाकतो, हवेतील कणांना काढून टाकीत नाही. उलट जळणारी प्रत्येक काडी त्यांत भर घालते. डासांच्या कॉइलचा दाखला तर अधिकच बोलका आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, एक कॉइल जळून जे सूक्ष्म कण निर्माण होतात त्यांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरले. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

कुंडीतील रोपांवरील विश्वासाचे मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे; परंतु ते लहानशा सीलबंद पेट्यांतले प्रयोग होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा इमारतीतील नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करावयास दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे लागतील असे आढळले. रोपे शोभेसाठी अवश्य ठेवावीत. हेपा गाळणीचे यंत्र सूक्ष्म कण उत्तम अडवते, पण कार्बन मोनॉक्साइड वा कर्बद्विप्राणिल त्याला आवरत नाही, म्हणून खिडकीचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

मग खिडकी उघडावी केव्हा? हिवाळ्यात पहाटेची हवा अव्वल शुद्ध, असे मानून पुष्कळ लोक सूर्योदयापूर्वीच दारे उघडतात. पण रात्री जमीन निवते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते, आणि शहरातील वाहनांचा, चुलींचा व जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्याच थरात साचतो. दुपारी ऊन चढून तो थर मोडेपर्यंत हवा मोकळी होत नाही. तेव्हा साधारण बारा ते चारच्या दरम्यान समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडाव्यात. रहदारीच्या रस्त्याकडील खिडकी टाळता आली तर टाळावी. स्वयंपाकघराला मात्र ही वेळमर्यादा नाही: धूर बाहेर टाकणारा पंखा तेल तापण्यापूर्वीच सुरू करावा, आणि गॅस विझल्यावरही काही वेळ फिरू द्यावा.